झोपेची गोळी सोडण्याची सोयही गावातच हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

झोपेच्या गोळ्या चिठ्ठीविना विकणाऱ्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात. कारवाई योग्यच आहे आणि ती याहून कडक झाली तरी माझी हरकत नाही. परंतु या बातम्यांत एक माणूस कधीच येत नाही. डॉक्टरांनीच कधीकाळी लिहून दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची गोळी वर्षानुवर्षे रोज रात्री पाण्याच्या घोटाबरोबर घेणारा, कोणतीही नशा न करणारा, बहुधा वयस्क आणि बहुधा एकटा असा तो माणूस असतो. यवतमाळ जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांच्या औषध खिडकीमागे माझी सारी नोकरी गेली आणि त्या खिडकीसमोर मला हा माणूस सर्वाधिक भेटला. ही गोळी सोडावी असे त्याला कधी स्वतःला वाटते, कधी मुले सांगतात, तर कधी दुकानातला साठा संपल्यामुळे ती आपोआप सुटते. ती कशी सोडायची हे मात्र त्याला कोणी सांगत नाही आणि या न सांगण्याची किंमत फार मोठी असते. म्हणून हे पत्र.

सुरुवात बहुतेक घरी सारखीच होते. बोंडअळीने कपाशी जाते, घरधनी जातो, मुलीचे सासर मोडते किंवा दारू सोडताना हात थरथरतात म्हणून डॉक्टर पंधरा दिवसांची गोळी देतात. त्या वेळी ती द्यावी लागते, यात वाद नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तालुक्याला जायचे तर मजुरी बुडते आणि गाडीभाडे लागते, म्हणून तीच चिठ्ठी दुकानात दाखवली जाते. पुढे चिठ्ठी फाटते आणि रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा दाखवून काम भागते. त्याही पुढे गावातला कोणी बाजाराला निघाला की चार घरच्या गोळ्या तोच घेऊन येतो. अशा रीतीने पंधरा दिवसांचे औषध दहा वर्षांचे होते आणि मधल्या काळात ते पुन्हा तपासणारे कोणी नसते.

या गोळ्यांच्या वर्गाला बेंझोडायझेपाइन म्हणतात. त्यातली पहिली, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आली आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम ही याच कुळातली. झोल्पिडेम रचनेने वेगळे असले तरी मेंदूत त्याच जागी काम करते. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन असते आणि मज्जापेशींची उत्तेजना शांत करणे हे त्याचे काम. या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. म्हणूनच भीती ओसरते, स्नायू सैल पडतात आणि झोप लागते. परंतु काही आठवडे रोज ही बाहेरची मदत मिळत राहिली की मेंदूची स्वतःची शांत होण्याची यंत्रणा मागे सरते. सालगडी ठेवला म्हणून घरच्या पोरांनी वावरात जाणे सोडून द्यावे आणि भर हंगामात एके सकाळी सालगडी न सांगता निघून जावा, तशी अवस्था गोळी एकदम बंद केल्यावर मेंदूची होते. पोरे पुन्हा कामाला लागतात, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर वावर उघडे पडते.

मग काय होते? झोप पूर्वीपेक्षाही वाईट रीतीने उडते, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, हात कापतात, अन्नावरची वासना जाते, अंग लाकडासारखे ताठते, हातापायांना मुंग्या येतात. उजेड आणि आवाज सोसवत नाहीत. आपण या जगात नाहीच, सारे काचेपलीकडे चालले आहे, असे काहींना वाटत राहते. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीचा अंमल साधारण अकरा-बारा तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे तिचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम शरीरात कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून त्याचा त्रास सुरू व्हायला आठवडाही लागू शकतो. तोवर ‘बघा, काही झाले नाही’ असे म्हणून घरचे निर्धास्त झालेले असतात. जास्त मात्रा किंवा दीर्घ काळाची सवय असेल तर एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि क्वचित जीवही जाऊ शकतो.

आमच्या भागातील साठी ओलांडलेल्या एका आजींचे उदाहरण सांगतो. पती गेल्यापासून त्या अल्प्राझोलाम घेत होत्या. “गोयी घेतली नाही त डोयाले डोया लागत नाही, भाऊ,” एवढेच त्यांचे म्हणणे असे. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाने मोबाइलवर कुठेतरी पाहिले की या गोळ्यांनी माणूस वेडा होतो. आईच्या काळजीपोटीच त्याने साऱ्या स्ट्रिप चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी आजींना भिंतीवरची पाल चालली तरी कानात आवाज घुमू लागला. तिसऱ्या रात्री त्यांना फिट आली. शेजाऱ्यांनी बाहेरचे काही लागले असावे असे ठरवून झाडफूक करणाऱ्याला बोलावले आणि त्यात अर्धा दिवस गेला. शेवटी ग्रामीण रुग्णालयात आणल्यावर डॉक्टरांनी विचारले, की या काही औषध घेत होत्या का. मुलाला गोळीचे नाव आठवेना. सुनेने पेटीच्या तळाशी बांगड्यांच्या डब्यात एक रिकामी स्ट्रिप जपून ठेवली होती, नाव लक्षात राहत नाही म्हणून. ती पाहिल्यावर निदान झाले. गोळी पुन्हा सुरू झाली आणि नंतर जवळपास वर्षभरात ती पायरीपायरीने उतरवली गेली. आज त्या गोळीशिवाय आहेत. रात्री एकदा-दोनदा जाग येते, पण ती त्यांच्या वयाच्या पुष्कळांना येते.

त्या स्ट्रिपवर लाल चौकटीत एक इशारा छापलेला असतो. वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना ते विकू नये, असा त्याचा अर्थ. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ या नियमाने अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि झोल्पिडेम यांची विक्री वेगळ्या नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण आणि औषधाच्या प्रमाणासह लिहून ती नोंदवही तीन वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारक आहे. हे सारे गोळी घेण्याविषयी झाले. ती एकदम सोडणे धोक्याचे आहे, हे मात्र त्या लाल चौकटीत लिहिलेले नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२० मध्ये या वर्गातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापायला लावला आणि त्यात व्यसन व अवलंबित्वाबरोबरच एकदम थांबवल्यास जिवावर बेतू शकते हेही घातले. आपल्याकडे हे वाक्य मराठीत छापायला काय अडचण आहे, हे मला कळलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सोडायची ती हळूहळू, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण हळूहळू म्हणजे किती, हे कोणाला ठाऊक नसते. घरच्या हिशेबात हळूहळू म्हणजे आज पूर्ण, उद्या अर्धी आणि परवा बंद. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे हेदर अॅश्टन या डॉक्टरांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. त्यांच्या अनुभवाचे सार असे की मात्रा थोडीथोडी, बऱ्याच आठवड्यांत किंवा महिन्यांत आणि रुग्णाच्या सोयीच्या गतीने कमी करावी. अमेरिकेतील व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने इतर वैद्यकीय संस्थांसह २०२५ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूत्रेही हेच सांगतात. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के एवढीच कपात करावी आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक सहसा करू नये. ‘चालू मात्रेच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गोळी जसजशी लहान होते तसतशी कपातही लहान व्हायला हवी. शेवटचा पाव तुकडा सोडणे सर्वांत सोपे, असे लोकांना वाटते. मी पाहिले ते नेमके उलट, बहुतेकांचा पाय तिथेच अडतो.

हिशेब मांडून पाहिला की खेड्यातली खरी अडचण दिसते. समजा एखादा माणूस रात्री अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी घेतो. दहा टक्के म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. दुकानात मिळणारी सर्वांत लहान गोळी पाव मिलिग्रॅमची. ब्लेडने तिचे बरोबर दोन तुकडे झाले तरी एक तुकडा ०.१२५ चा होतो आणि पहिलीच कपात पंचवीस टक्क्यांवर जाते. शिवाय ती गोळी इतकी लहान असते की ब्लेड टेकताच तिचा भुगा होतो आणि मोतीबिंदू झालेल्या माणसाला तुकडा चटईवर कुठे उडाला हेही दिसत नाही. याच कारणासाठी कित्येकदा डॉक्टर रुग्णाला आधी टप्प्याटप्प्याने तेवढ्याच ताकदीच्या डायझेपामवर आणतात. अॅश्टन यांच्या तक्त्यानुसार अल्प्राझोलामचे अर्धे मिलिग्रॅम साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचे असते. इतर तक्त्यांत हा आकडा कमी आहे, म्हणून तो डॉक्टरांनीच रुग्ण पाहून ठरवायचा असतो. डायझेपाम सावकाश उतरते, त्यामुळे दोन मात्रांच्या मधला चढउतार सौम्य राहतो आणि दोन मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा केला की एका मिलिग्रॅमची, म्हणजे बरोबर दहा टक्क्यांची पायरी हाती येते. मात्र यकृताचा आजार असणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या शरीरात डायझेपाम साचत जाते, झापड येते, तोल जातो आणि पडून खुब्याचे हाड मोडू शकते. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग शोधावा लागतो. मात्रा बदलत असताना ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालवणे टाळावे, हे सर्वांनाच लागू आहे.

खेड्यात ‘एक दिवसाआड’ गोळी घेण्याची पद्धत फार रूढ आहे. ऐकायला ती शहाणपणाची वाटते, पण लवकर उतरणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत ती त्रासाची ठरते, कारण एक दिवस मेंदू भरलेला आणि दुसऱ्या दिवशी रिकामा, असे हेलकावे बसत राहतात. मात्रा रोज सारखी आणि रोज ठरल्या वेळी घेऊनच कमी करायची. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच दोन-चार आठवडे थांबावे, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून एक पायरी मागेही यावे. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. दीर्घकाळ हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असते, त्या कधीही तोडू नयेत, तोडल्यास सारे औषध एकदम अंगात उतरते. आणि एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे लिहितो: ज्यांना क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम फिट येऊ नये म्हणून दिलेले आहे, त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे पत्र वाचून गोळीला हात लावू नये. त्यांचा निर्णय पूर्णपणे त्यांच्या डॉक्टरांचा.

गोळी कमी करताना होणारा त्रास शून्यावर आणणारे दुसरे औषध नाही. तो सोसवेल इतका करता मात्र येतो, आणि त्याची सुरुवात माहितीपासून होते. आज धडधडते आहे ते हृदय बिघडले म्हणून नव्हे, तर मात्रा कमी झाली म्हणून, आणि ते ओसरणार आहे, हे ज्याला आधी सांगितलेले असते तो घाबरून दुप्पट गोळी घेत नाही. चार दिवस बरे आणि दोन दिवस वाईट असे हे चालते. त्रास गेला असे वाटत असताना तो परत आला, म्हणजे पहिल्यापासून सारे वाया गेले असे नसते. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत निवळतो, काही थोड्यांना तो महिनोन्‌महिने पुरतो.

छाती भरून आली की श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो बाहेर सोडायला लावावा, असे पाच-सात मिनिटे करावे. पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकेक स्नायू ताणून सैल सोडावा. सकाळच्या उन्हात चालावे. पोट रिकामे ठेवू नये, कारण भुकेने येणारी थरथर आणि गोळीची थरथर एकमेकींत मिसळतात. अनिद्रेसाठी ज्या वर्तनोपचाराचा उपयोग सिद्ध झालेला आहे, त्याचे मुख्य नियम खेड्यातही पाळता येतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, झोप आल्याशिवाय खाटेवर पडू नये, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून ओसरीवर बसावे आणि पेंग आली की परतावे. रात्रभर घड्याळ पाहू नये, मोबाइल तर नाहीच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी आडवे होणे भागच असते, पण ती डुलकी अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये.

येथे शहरी सल्ला आणि आमचे वावर यांचा मेळ बसत नाही, हे सांगितले पाहिजे. ‘रोज रात्री दहाला झोपा’ असे छापील पत्रकात लिहिणे सोपे आहे. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची येते त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री बांधावर असतो. तूर भरात आली की रोही आणि रानडुकरांच्या भीतीने मचाणावर जागल करावी लागते. अशा माणसाने गोळी कमी करायला नेमकी त्याच महिन्यात सुरुवात केली तर अपयश ठरलेले आहे. उलट गोळी घेऊन जागलीला जाणेही जिवाशी खेळ आहे, कारण मचाणावरून पडणारा माणूस मी पाहिला आहे. म्हणून पहिली कपात कधी करायची हे कॅलेंडर पाहून नव्हे, तर शेतीचा हंगाम आणि घरची परिस्थिती पाहून ठरवावे. पेरणीची धांदल, घरचे लग्न, कर्जाच्या वसुलीचा तगादा यांतून जरा मोकळीक असेल असे दिवस निवडावेत. रात्रीच्या ओलिताच्या आठवड्यात नवी कपात करू नये, आहे तीच पायरी धरून ठेवावी. ज्यांच्या शेतात सौर पंप आले आणि ओलीत दिवसा होऊ लागले, त्यांना झोपेच्या दृष्टीनेही मोठा आधार मिळाला आहे.

खर्ऱ्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे गोळी कमी केल्यावर बेचैनी वाढली की माणूस खर्रा वाढवतो. तंबाखू आणि सुपारी दोन्ही उत्तेजक आहेत, त्यांनी धडधड वाढते, झोप आणखी दूर जाते आणि दोष मात्र गोळी कमी केल्याला दिला जातो. खर्रा सुटला तर उत्तमच, पण दोन्ही एकदम सोडण्याचा हट्ट धरू नये. निदान सूर्य कलल्यावर खर्रा आणि काळा चहा बंद ठेवावा. दारू मात्र पूर्ण वर्ज्य. दारू मेंदूत बऱ्याच अंशी याच गोळ्यांसारखे काम करते, त्यामुळे ‘गोळीऐवजी थोडी’ म्हणणारा एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडतो, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्याचा श्वास झोपेत मंदावू शकतो. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांबरोबरही हाच धोका असतो. सर्दी-खाजेच्या गोळीने झापड येते म्हणून ती झोपेसाठी देण्याची युक्ती काही दुकानदार सांगतात. वृद्धांना तिने भ्रम होतो आणि लघवी अडते, तेव्हा तो मार्ग नको. धडधड आणि कंप फार असेल तर डॉक्टर काही रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल देतात, पण दमा असणाऱ्यांना ते चालत नाही. मूळचे नैराश्य असेल तर त्याचा स्वतंत्र उपचार झाला पाहिजे, तो न करता नुसती गोळी काढून घेणे म्हणजे माणसाला उघड्यावर सोडणे होय.

आमचे तालुके तेलंगणाला लागून आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो. तिकडे भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळल्याचे वारंवार उघड झाले आहे. सीमेवरच्या गावांतून मजुरीला जाणारी माणसे ती ताडी रोज पितात आणि परत आल्यावर त्यांना अचानक कंप, भ्रम, फिट येते. आपण कुठले औषध घेत होतो हेच त्यांना ठाऊक नसते, त्यामुळे विचारणाऱ्याला ‘फक्त ताडी’ एवढेच उत्तर मिळते. पांढरकवडा, झरी जामणी, राजुरा, सिरोंचा या बाजूच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा.

कपात चालू असताना फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, ताप व थरथर एकत्र आली किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून निघाले, तर वाट पाहू नये, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे आणि रिकामी स्ट्रिप बरोबर न्यावी. मन मोकळे करण्यासाठी आणि कुठे जावे हे विचारण्यासाठी टेलि-मानस हा १४४१६ क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे मानसोपचार तज्ज्ञ भेटतात. परंतु दर पंधरा दिवसांनी एका मिलिग्रॅमची कपात करण्यासाठी झरी जामणीच्या माणसाने सेवाग्रामला जावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. माझे सारे म्हणणे येथेच येऊन थांबते. योजना तज्ज्ञाने एकदा आखून द्यावी आणि ती पार पाडण्याचे काम गावाजवळ व्हावे.

हे अशक्य नाही. कॅनडातील क्युबेक प्रांतात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना त्यांच्या नेहमीच्या औषध दुकानांमार्फत निवडून एक साधी पुस्तिका टपालाने पाठवली गेली. गोळीचे धोके काय, ती कशी कमी करावी आणि डॉक्टरांशी काय बोलावे, एवढेच तीत होते. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटलेली होती, तर पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. तज्ज्ञांची फौज लागली नाही, मोठा खर्च झाला नाही. तेवढा कागद हातात पडला, आणि असा कागद औषध देणारा माणूसही देऊ शकतो. खिडकीमागे उभे राहून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या अभ्यासाचे मोल विशेष वाटते, कारण आमच्या खात्यात औषधनिर्माण अधिकाऱ्याकडून गोळ्या मोजून देण्यापलीकडे कोणी काही मागतच नाही.

जिल्हा आरोग्य प्रशासनाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि शक्य तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डायझेपामची दोन मिलिग्रॅमची आणि क्लोनाझेपामची पाव मिलिग्रॅमची गोळी या कामासाठी राखून ठेवावी, सोबत गोळी कापण्याची साधी प्लॅस्टिकची डबी द्यावी. तारखा आणि पूर्ण, अर्ध्या, पाव गोळीची चित्रे असलेला मराठी तक्ता छापावा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळेल. महिन्याचा साठा एकदम न देता आठवड्याच्या पुड्या द्याव्यात आणि त्या घरातल्या एका विश्वासू माणसाकडे असाव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आहेच आणि शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्पही सुरू झालेला आहे. आशाताई ज्या घरी रक्तदाबाच्या गोळ्या विचारायला जातात त्याच घरी ‘या आठवड्यात कितवी पायरी?’ हेही विचारू शकतील, फक्त त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही द्यावे लागतील, नुसते आणखी एक रजिस्टर नको. अन्न व औषध प्रशासन जेव्हा एखाद्या दुकानाचा परवाना निलंबित करते, तेव्हा त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे. त्या दुकानाच्या एच-१ नोंदवहीत ज्या रुग्णांची नावे आहेत त्यांची गोळी दुसऱ्या दिवसापासून तुटणार असते आणि त्यांच्यासाठी पर्यायी व्यवस्था होईपर्यंत ती कारवाई पूर्ण झाली असे मानू नये.

आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. पहिली चिठ्ठी लिहितानाच गोळी कधी बंद करायची ती तारीख खाली लिहा आणि दोन ते चार आठवड्यांच्या पुढे ती जाणार असेल तर ‘अचानक बंद करू नये, कमी करण्यासाठी परत यावे’ हे वाक्य मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. रुग्ण परत आला आणि गोळी सोडायची म्हणाला, तर त्याला ‘चालू द्या, काही होत नाही’ असे सांगून वाटेला लावू नका. तेवढे धैर्य गोळा करून तो माणूस पहिल्यांदाच आलेला असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ